मोठमाय एकच ओळ आयके

तिरडी बांधून झाली होती आन मले तोंड उघडाचं होतं. आंगनात सारे मानसं, सरनाच्या लाकडाची बैलबंडी समोर निंगून गेलेली, माहे भासरे मडक्यात इस्तो भरून राहिलेले, आन मी कुडाच्या कोन्यात पोरीले कडेवर घेऊन उभी. मेली ते मोठमाय, माह्या सासूची मोठी जाऊ. भासरे तिचा पोरगा, माह्या नवऱ्याचे मोठे चुलतभाऊ. सकायी तलावावरून आली, मासळीची टोपली खाली ठेवली, बसली ते बसलीच. कोनासंगं बोलाले टाइमच नाई भेटला. पन मले तिनं आंधीच सांगून ठेवलं होतं, माह्या एकटीलेच. "मले जाळू देजो नोको वं. देव काय, राखेतूनबी उठवीन. पन तो येतवरी मले मातीत निजाचं हाये. तू सांगजो."

सांगू कसं? लगन झाल्यापासून भासऱ्यासंगं एक शबुद बोलली नाई मी. आमच्यात सून भासऱ्यासमोर पदर खाली येऊ देत नाई, बोलनं तं दूरच. ह्यायले फोन लावला, हे हैदराबादले कामावर. म्हनले, "गप राय. मी येतवरी काई बोलू नोको." आन फोन ठेवला.

मोठमायले वाचता येत नव्हतं. मोहाडीच्या बाजारात मासळी इकतानी येशूच्या एका प्रार्थनेवाल्या बाईनं तिले पवित्र शास्त्र देल्लं होतं, ते तिनं फडक्यात बांधून ठेवलं. मी सातवी शिकली, म्हनून मले बोलवे. ती जाळं शिवत बसे, मी वाचो. एक ओळ झाली का हात वर करे. "थांब. बंद कर."

"मोठमाय, समोर मज्जा हाये."

"तुले मज्जा हाये, मले अजून गिळाचं हाये."

मंग तेच ओळ घेऊन ती तलावात जाये, बाजारात जाये, भाव करता करता मधातच गप होये. गिऱ्हाईक म्हने, बुढीले याड लागलं.

एक डाव वाचलं, वादळ आलं, डोंग्यात पानी भरून राहिलं, आन येशू मांगच्या बाजूले उशी घेऊन निजला होता. तिनं सुई खाली ठेवली. "डोंग्यात उशी? कोन नेते वं डोंग्यात उशी? मी जलमभर डोंग्यात बसली, मले नाई देल्ली कोनं." लय हासली. मंग पुरा आठवडा त्या उशीवरच अडली. वावरात भेटली तं म्हने, "समजलं मले. वादळ यायच्या आंधीच त्याची झोप पक्की होती. आपलं उलटं हाये. वादळ नसते तवाबी आपली भीती जागी रायते." माह्याकडं पाहूनच म्हनली ते. मी भेकडच हाये.

वैऱ्यावर पिरेम करा, हे ओळ आली तवा तं आफतच झाली. गावातला एक जन तिच्या जाळ्यातली मासळी काढून ने. "ह्या ओळीले आजच येनं होतं का वं?" म्हने. रोज त्याले शिव्या दे, आन मले पान उलटू दे नाई. आखरी एक रोज चांगली मोठी मासळी घेऊन त्याच्या दारात उभी. "घे मेल्या, खा. देवानं म्हनलं म्हनून देऊन राहिली. माह्या मनानं नाई." मले हासू आलं. तशी म्हने, "हासू नोको. हात तं गेला ना समोर. मन येईन मांगून."

ती आयके, पन आतमधी जाये माह्या. कवा गेलं मलेच नाई समजलं. पोरीले दूध पाजतानी मी मनातल्या मनात येशूसंगं बोलाले लागली. कोनाले सांगतलं नाई. सासू एक डाव बोलली होती, "बुढीचं याड तुले लागलं तं माहेरी धाडीन. पोरगी इथंच राहीन. पोरगी आमची हाये." मोठमायले सांगतलं तं तिनं माह्या डोक्यावर हात ठेवला. "तुहं तू पाय, माय. मी म्हनलं म्हनून मानू नोको."

आन आता तिले उचलून राहिले होते.

मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं, पन आवाज मोठाच निंगाला. "बाई, मोठेबाबाले सांग, आजीले जाळू नोका म्हना. आजीनं मातीत ठेवाले सांगतलं."

उचलनाऱ्यायनं तिरडी वापस खाली टेकवली.

भासऱ्यानं माह्याकडं नाई पायलं, पोरीकडंच पायलं. "बाई, तुह्या मायले इचार, बुढी कवा म्हनली? आन मले काहून नाई म्हनली?"

"मोठेबाबाले सांग, तुमी आयकलं नसतं म्हनून."

"पोरीच्या तोंडानं कायले बोलतं वं भवाने!" सासू वरडली. "मातीत आपन लहान लेकरं ठेवतो. हे बुढी का लेकरू होती?"

तवा मले एकदम ते ओळ आठवली. मोठमायचं सरता सरता त्याच ओळीवर अडलं होतं, का लेकरावानी झाल्याबिगर देवाच्या राज्यात जाता येत नाई. "दात पडले, आता थोडंच राहिलं," म्हने. पोरीले मधात घेऊन बोलाचं मी विसरलीच. पदर कवा घसरला समजलं नाई. सरळ भासऱ्यालेच म्हनली, "हो, लेकरूच होती. तेच व्हाले पाहून राहिली होती. लेकरायच्या बाजूले ठेवा तिले."

भासऱ्यानं मडकं खाली ठेवलं. कोनी तरी म्हनलं, "समाज काय म्हनन?"

"माह्या मायचं मी पाहीन. बंडी वापस आना, फावडे घ्या." मंग आवाज बारीक झाला त्यायचा. "बाई, तुह्या मायले सांग, तिच्या देवाचं काई तिच्यापाशी म्हनाचं असन तं म्हना."

मी तिच्या डोक्याशी बसली. डोळे मिटले, ते ओळ म्हनली, प्रार्थना केली, आमेन म्हनलं. डोळे उघडले तं सारे मलेच पाहून राहिले होते. मोठमायचं तिचं झालं. माह्या मनातलं उघडं पडलं.

सासूनं त्याच रोजी माही चूल बाहेर काढली. पोरीले दूध पाजाले देते, मंग घेऊन जाते. शास्त्राचं पुस्तक भासऱ्यानं मुकाट्यानं माह्या चुलीपाशी आनून ठेवलं, पन मले अजून उघडाची हिंमत नाई. हे उद्या येऊन राहिले. येतीन, आन पोरीले मांडीवर घेऊन एकच इचारतीन, तूबी त्याच्यात गेली का?

खोटं बोलू का खरं बोलू, त्या रोजी गपच राहाले पायजे होतं का, काई समजत नाई. तुमाले इचारतो बायाहो, तुमच्या कडेवर लेकरू असतं, आन समोरून मोठमायले उचलून राहिले असते, तं तुमी काय केलं असतं?