आट्यांची लेन्स

माझ्या कॅमेऱ्याची लेन्स बोर धरणाच्या पाण्यात पडली, आणि त्यात दोष सर्वस्वी माझाच होता. हिंगणीच्या बाजूने काठावर उतरून मी पाणकावळ्यांचे फोटो काढत बसले होते. नवरा शेजारी शेंगदाणे खात होता. लेन्स किती सहज निघते ते त्याला दाखवावं असं उगाच मनात आलं. खटका दाबला, लेन्स फिरवली, ती खरंच सहज निघाली आणि दगडावरून उड्या मारत पाण्यात गेली. नवरा गुडघाभर पाण्यात उतरला, चाचपडून ती काढली आणि शर्टाला पुसून माझ्या हातात दिली. हसला मात्र घरी पोचल्यावर, चांगला अर्धा तास.

नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, दोन महिने तरी लागतील. मी सेलूला शाळेत गणित शिकवते. वर्षातली खरी सवड काय ती दिवाळीच्या सुट्टीत, आणि नेमक्या त्या सुट्टीत माझ्याकडे लेन्स नसलेला कॅमेरा होता. हे रडगाणं मी फोनवर हिंगणघाटच्या मामांना ऐकवलं. मामांचा तिथे पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या हातात मोबाइल आले तसा तो बंद पडला आणि पुढच्या खोलीत मामांचा दिवाण आला.

"लेन्सचं काय घेऊन बसली? माह्याजवळ हाये ना. लोखंडासारखी हाये, धरणात पडली तं धरणच फुटंल."

मी हसण्यावारी नेलं, पण त्यांनी फोटो पाठवला तेव्हा इंटरनेटवर शोधाशोध केली. कळलं की अशा जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर लावणारे जगभर पुष्कळ हौशी लोक आहेत. मधे फक्त एक धातूची रिंग लागते. तिच्या एका बाजूला जुन्या लेन्सचे आटे बसतात आणि दुसरी बाजू आपल्या कॅमेऱ्यात अडकते. रिंग मागवली. ती आल्यावर शनिवारी सकाळच्या एसटीने हिंगणघाट गाठलं.

लेन्स स्टीलच्या डब्यात होती, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. चांगली जड. अंगावर रशियन अक्षरं, ती मामांनाही कधी वाचता आली नव्हती. आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहाने रिंग बसवली, लेन्स तिच्यात पिळून घट्ट केली आणि मामांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पडद्यावर सूचना आली की लेन्स लावलेली नाही.

"लावलेली नाई म्हणते?" मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एवढी मोठी लेन्स हाये समोर, अन् हा म्हणते नाई!"

त्यांना समजावून सांगितलं की नव्या लेन्स कॅमेऱ्याशी विजेच्या टोकांनी बोलतात. ही मुकी आहे, म्हणून त्याला तिचा पत्ताच लागत नाही. मेनूत बराच वेळ खोदकाम केल्यावर लेन्स नसतानाही फोटो घेण्याची परवानगी सापडली. मग मामांनी मला अंगणात स्टुलावर बसवलं आणि वीस-पंचवीस फोटो काढले. एकही धड नव्हता. कुठे माझे कान स्पष्ट आणि नाक धुरकट, कुठे मागची दोरी स्पष्ट आणि मी सगळीच धुरकट.

"लेन्सची फिरवायची रिंग जाम झाली हाये," मामा म्हणाले. "शिलाई मशीनचं तेल आण वं. दोन थेंब टाकतो."

मामी ओट्यावर मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तेल नोका टाकू. तेल आतल्या पात्यावर उतरते, मंग पाती चिकटून बसते. रिंग जाम नाई. थंडी हाये म्हून जड फिरते. तळहातात धरा जराशी."

मी मामांकडे पाहिलं. मामा लेन्सकडे पाहत होते.

मामी पदराला हात पुसत आली आणि तिने कॅमेरा जवळपास ओढूनच घेतला. चष्मा डोक्यावर सरकवून कॅमेऱ्यामागच्या छिद्राला डोळा लावला. "धुकट दिसते." छिद्राशेजारचं छोटं चाक फिरवून मी तिच्या नजरेला जमवून दिलं. "हां... अजून थोडं... बस." मग तिने मला उन्हातून उठवलं आणि न्हाणीच्या दारापाशी सावलीत उभं केलं. लेन्सवरच्या दोन रिंगांवर तिची बोटं अशी फिरली की तिला पाहायची गरजच पडली नाही. उजेड आत सोडणाऱ्या पात्यांची एक रिंग पूर्ण उघडली, स्पष्ट दिसेपर्यंत दुसरी फिरवली, मग पहिली दोन खटके बंद केली.

"उघडून पाह्याचं, बंद करून घ्याचं," ती स्वतःशीच म्हणाली. "हनुवटी खाली. अन् शाळेतल्यासारखी नोको पाहू माह्याकडं. मी काई गृहपाठ नाई केला."

मला हसू फुटलं आणि तिने बटण दाबलं.

तो फोटो मी अजून जपून ठेवला आहे. माझी पापणी न् पापणी दिसते आणि मागे वाळत घातलेले कपडे रंगांच्या मऊ गोळ्यांसारखे विरघळले आहेत. चाळिशी ओलांडली तरी माझा एकही फोटो मला आवडला नव्हता. हा आवडला.

"मामी, तुमाले हे कसं जमते?"

"कसं म्हंजे? बायांचे फोटो मीच काढत होती ना."

जेवताना सगळं कळलं. स्टुडिओ सुरू झाला त्या दिवसांत बायका फोटोला यायच्या आणि मामांसमोर डोक्यावरचा पदर मागे घ्यायला लाजायच्या. एक नवी सून डी.एड.च्या अर्जासाठी फोटो काढायला आली. सोबत सासू. मामा "मान वर करा" म्हणाले की सून मान आणखी खाली घाली. शेवटी मामा कंटाळून बाहेर पानठेल्यावर निघून गेले. पडदा सरळ करायला मामी आत आली तेव्हा सून हळूच म्हणाली, "तुमीच काढा ना ताई." मामीने मामांना रोज पाहिलेलंच होतं. तिने फोटो काढला आणि तो चांगला आला. मग त्या सुनेच्या बहिणी आल्या, मैत्रिणी आल्या, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली आल्या. दुपारची वेळ बायांची असं ठरूनच गेलं. मामा त्या वेळात जेवून झोपायचे. ही लेन्स मामीने त्यासाठी निवडून घेतली होती, कारण तिच्यातून चेहरे मवाळ येतात असं तिचं म्हणणं होतं.

"मामा, तुमी कधी सांगतलं नाई!"

"कोणी इचारलं नाई," मामा म्हणाले आणि भाकरीचा तुकडा उगाच मोडत बसले. मग म्हणाले, "खरं सांगू का? दर्शनी काचेत एका बाईचा फोटो लावला होता. नाकात नथ, हसून राह्यली असा. नागपूरचा एक मोठा फोटोग्राफर येऊन पाहून गेला. म्हणे, असा फोटो मी आजवर काढू नाई शकलो, तुमीच काढला का? मी हो म्हटलं."

मामीने त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली. "मले माहीत हाये."

"तुले काऊन माहीत?"

"मी पडद्यामागंच होती."

इतक्या वर्षांत हा विषय त्यांच्यात एकदाही निघाला नव्हता. मग मामीच हसायला लागली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मामा पाणी द्यायला उठले. पाणी देताना ते म्हणाले, "चुकलंच माहं." ती म्हणाली, "जेवा आता, भाकर थंडी होऊन राह्यली."

त्या रविवारी मी कॅमेरा घेऊन परत निघाले, पण डोक्यात एक गोष्ट घेऊन. पुढच्या आठवड्यात हिंगणीला मामीच्या भाचीच्या मुलीची हळद होती. मी मामीला म्हटलं, कॅमेरा तुम्ही चालवा. ती आधी नाही म्हणाली. हात कापतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, आता कोण पुसते. मग विचारलं, "बॅटरी किती चालते?" तेव्हाच मी ओळखलं.

हळदीला भाड्याचे दोन फोटोग्राफर आले होते, मोठे दिवे आणि ड्रोन घेऊन. ड्रोन उडाला की लहान मुलं ओरडत त्याच्यामागे पळायची आणि बायका पदर धरून घरात शिरायच्या. मामी मागच्या पडवीत गेली. तिथे उजेड एका बाजूने येत होता. मी कॅमेऱ्यात अशी सोय लावून दिली होती की जे स्पष्ट असेल त्याच्या कडेने लाल रेघ दिसते. मामीने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे बंद कर बाई. सगळ्यायच्या तोंडावर कुंकू सांडल्यासारखं दिसते." मोठं करून पाहायचं बटण मात्र तिला फार आवडलं. "हे मले तवा भेटलं असतं तं!"

तिची पद्धत साधी होती. रिंग एकदा दोन हात अंतरावर लावून ठेवायची आणि मग रिंगेला हात लावायचा नाही. स्वतःच वीतभर पुढे किंवा वीतभर मागे व्हायचं. या वयात ती अशी पुढेमागे डुलत होती की बायकांना वाटलं ही नाचतेच आहे, आणि दोघीतिघी तिच्यासोबत नाचायलाही लागल्या. त्या नाचात ओल्या हळदीची बोटं एकीने दुसरीच्या गालावर ओढली, तो फोटो मामीने पकडला.

मामा थर्मोकोलची पांढरी पाटी धरून उभे होते. उजेड चेहऱ्यावर वळवायला.

"थोडी वर धरा. अजून. आता हलू नोका."

"हात दुखून राह्यले."

"पस्तीस वर्षं मी धरली, तवा माहे नाई दुखले?"

बायका खो-खो हसल्या. मामाही हसले आणि पाटी आणखी वर झाली.

नवरीची आजी एका कोपऱ्यात बसली होती. तिने सकाळपासून दोन्ही फोटोग्राफरांना हाकललं होतं. दात नव्हते आणि बिनदातांचा फोटो नको, असं तिचं ठाम मत होतं. मामी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "तोंड बंद ठेवजो आत्या, मी फक्त डोळे काढतो." आणि मग कुठल्यातरी जुन्या लग्नातली, पंगतीत वऱ्हाडाच्या अंगावर सांडलेल्या कढीची गोष्ट सुरू केली. आजी ओठ घट्ट मिटून बसली, गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं आणि मग एकदम तोंड उघडून ती हसली. मामीने तेवढ्यात तीन फोटो घेतले. आजीच्या लक्षात आलं तेव्हा तिने मामीच्या पाठीत एक धपाटा घातला.

मी तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिला दाखवला. तिने बराच वेळ पाहिलं. पडद्यावरच्या स्वतःच्याच सुरकुत्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "माह्या मायसारखी दिसून राह्यली मी." मग मामीला म्हणाली, "हा मोठा करून दे. काचेत."

त्यानंतर पडवीत रांगच लागली. भाड्याच्या फोटोग्राफरांपैकी एक जण, विशीतली पोरगी होती ती, दिवे सोडून मागे येऊन पाहत उभी राहिली. म्हणाली, "काकू, ही कोणती लेन्स?" मामीने लेन्स काढून सरळ तिच्या हातावर ठेवली आणि आट्यांवर बोट फिरवून दाखवू लागली. मामा मधेच म्हणाले, "लेन्सचं काय एवढं नाई. फोटो हिनं काढले. स्टुडिओत होती तवापासून बायांचे सगळे फोटो हिचेच." हे त्यांनी भरल्या पडवीत, मोठ्या आवाजात सांगितलं. मामीने नुसता पदर सावरला आणि त्या मुलीला म्हणाली, "इकडं उजेडात ये. इथून पाह्य, किती मवाळ दिसते."