गुरुवारचं पाणी

शहरात मस्तगडच्या आमच्या बिऱ्हाडी गावचा माणूस आला, तेव्हा मी ताटावर होतो. "सोनाकाकी गेल्या," एवढंच तो म्हणाला. महिना होऊन गेला त्याला. तेराव्याच्या पंगती उठल्या न उठल्या, तोच भावकीत प्रश्न निघाला, आता काकीच्या गुरुवारचं काय?... मला संताप आला. अजून येतो.

आमच्या सामाईक विहिरीवर घराघराचे मोटेचे वार ठरलेले. गुरुवार काकीचा, शुक्रवार आमचा. थोरले काका गेल्यावर ही बाई ऊस कसला पिकवते, असं सगळे म्हणत. तिनं पिकवला. आम्ही उसाचं वाळलेलं पाचट जाळायचो, ती ते सऱ्यांत अंथरायची. पाणी एका सरीआड द्यायची. पाचटाखाली बाभळीची काडी खुपसायची आणि काडीला ओली माती चिकटली की भर दुपारी बैल सोडून मोकळी! तरी गुऱ्हाळावर तिच्या गुळाच्या ढेपा आमच्याइतक्याच निघत. माझ्या वडिलांना, दादांना, ते फार झोंबायचं. एकदा ते म्हणालेच, "वहिनी, अर्ध्या दिवसात तुमचं भागून राह्यलं. मंग उरलेला आम्हाला द्या."

"भागत न्हाई भाऊजी, मी भागवते. दिवस पुरा माझा हाय."

दादांनी पंच बसवायची भाषा केली. पुढच्या गुरुवारी काकीनं दिवस मावळेपर्यंत मोट हाकली आणि पाणी पडीक रानात सोडून दिलं. थेंब न सांडणारी बाई ती... रडत होती आणि बैल हाकत होती. शुक्रवारी आमच्या मोटेत नुसता गाळ आला. दादा तणतणत तिच्या दारात गेले.

"शुक्रवारचं पाणी कुठून येत व्हतं, कळलं का आता?" तिनं विचारलं.

तिनं राखलेलं पाणी विहिरीत राहायचं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या उसाला जायचं. दादा परतले. पंचांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

जो पाणी वाचवतो त्याचाच हक्क कापायचा, हा कुठला न्याय? तेराव्याला मी भांडायला उठलो, पण माझ्याआधी थकलेले दादाच कडाडले, "गुरुवार तिच्या लेकीचा. बिलकुल हात लावायचा न्हाई!"

परवाच्या गुरुवारी मी गावी गेलो. काकीची लेक गया मोट हाकत होती. ऊन डोक्यावर आलं आणि बैल सवयीनं आपसूक थांबले. गयानं आईची काडी पाचटाखाली खुपसून पाहिली, बैल सोडले. विहिरीत अजून पुष्कळ पाणी होतं. दुसऱ्या दिवशी पाळी आमची होती.