कोरडा पेपर

अंबादासरावांबद्दल मला फारसं काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. भांडुपच्या आमच्या चाळीत आमची दारं समोरासमोर, तीही तीसेक वर्षं. पण मला ठाऊक ते एवढंच, की ते मूळचे जालन्याकडचे, माहुलला तेलाचे टँकर भरायच्या कामावर होते आणि चहात साखर फार घ्यायचे. मे महिन्यात मी गावी गेलो होतो. परत आलो तर ते गेलेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांची मुलगी संघमित्रा म्हणाली, "काका, दोन शब्द बोला ना." मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. नंतर ती म्हणाली, "मग लिहून तरी द्या." पत्रांपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. जवळून पाहिलं तेवढंच लिहितो.

आमचा रोजचा संबंध म्हणजे पेपर. संध्याकाळी ते दारातून विचारायचे, "तावडे, आजचा पेपर झाला का?" झालेला नसला तरी मी झाला म्हणायचो. तो त्यांना वाचायला नको असायचा, बुलेटखाली अंथरायला हवा असायचा. गाडी त्यांच्या लग्नाच्या आसपासची, आणि ती गळायची.

या जुन्या बुलेटच्या इंजिनाला डाव्या अंगाला एक लांबट डबा असतो. त्याला चेनकेस म्हणतात. आत तेलात फिरणारी चेन, बाहेर झाकण, डबा आणि झाकण यांच्या कडांमध्ये रबराचं सील, आणि सगळं मिळून एका मधल्या नटावर आवळलेलं. बाईमाणूस मागे बसतं तेही डावीकडेच पाय सोडून. काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला त्यांच्या पत्नी शांतावहिनी पांढरी साडी नेसून गाडीवरून विहारात गेल्या आणि उतरल्या तेव्हा निऱ्यांवर काळा डाग. "पुन्हा हिच्यावर बसले तर नावाची शांता नाही," असं त्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. तेव्हापासून दर पौर्णिमेला त्या रिक्षानं पुढे आणि हे बुलेटवर एकटे मागे.

या वर्षी एप्रिलच्या शेवटी अंबादासराव पेपर घ्यायला आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"जूनमध्ये हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नंतर गाडीवर बसायचं नाही म्हणतो डॉक्टर."

"असं?"

"म्हणजे बसली तर या पौर्णिमेला. नाहीतर राहिलंच."

मी पेपर दिला.

दुसऱ्या दिवशी ते कुर्ल्याहून नवं सील घेऊन आले. मऊ पडावं म्हणून रात्रभर तेलात घालून ठेवलं. सकाळी बसवायला गेले तर रबर फुगून लांब झालेलं. अर्ध्या कडेला बसलं, उरलेलं पोटासारखं बाहेर. शांतावहिनी भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "वाढत्या अंगाचं घेतलं का वो?"

मला हसू आवरेना. अंबादासराव मात्र हसले नाहीत. तसेच पुन्हा कुर्ल्याला गेले. दुसरं सील घेऊन परत आले ते खाली मान घालून. दुकानदार त्यांना म्हणाला होता, "चाचा, सूखा लगाओ. और नट इतना मत कसो, ढक्कन टेढ़ा होता है, इसीलिए टपकता है." म्हणजे इतकी वर्षं गळती दिसली की हे पान्हा घेऊन नट आणखी आवळायचे, म्हणून ती आणखी गळायची.

"मीच गळवत होतो तिला, तावडे," ते म्हणाले. आणि लगेच, "हिला सांगू नका."

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. "दोन हात कमी पडतात." माझे हात अशा कामाचे नाहीत, पण गेलो. नट काढून त्यांनी झाकण उतरवलं, मेणासारखं चिकटलेलं जुनं सील नखानं खरवडलं, दोन्ही कडा कोरड्या फडक्यानं पुन:पुन्हा पुसल्या. मग नवं सील कडेवर फिरवलं. ते खालच्या बाजूनं सारखं निसटायचं. तिथं मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं आणि त्यांनी वरून झाकण आणलं. तेव्हा त्यांचे हात मी पहिल्यांदा जवळून पाहिले. झाकण त्यांनी डाव्यातून उजव्या हातात घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सीलकडे पाहिलं.

झाकण बसलं. त्यांनी नटाला पान्हा लावला आणि म्हणाले, "मला सवय वाईट आहे. जास्त आवळायला लागलो तर हात धरा."

आता शेजाऱ्याचा हात कसा धरायचा? नट फिरला, आणखी फिरला, घट्ट झाला. त्यांचा खांदा जोर घेऊ लागला तसं मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं. "बस झालं." ते थांबले. मी हात लगेच सोडला नाही. त्यांनीही ओढून घेतला नाही.

नव्या तेलाचं माप घालून त्यांनी किक मारली, गाडी बरीच चालू ठेवली, मग बंद करून खाली माझा पेपर अंथरला.

सकाळी मी दार उघडलं तेव्हा ते पांढऱ्या सदऱ्यात पेपरावर वाकलेले होते. वहिनी पांढरी साडी नेसून बाहेर आल्या. पेपराकडे त्यांनी पाहिलंही नाही. गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि चेनकेसच्या खालून, अगदी कडेकडेनं फिरवलं. अंबादासराव त्यांच्या बोटाकडेच बघत होते. मीही. वहिनींनी पदर उजेडात धरला. उलटा करून पाहिला.

"स्टूल आणा," त्या म्हणाल्या.

स्टूल माझ्याकडचं. मी ते धरलं, संघमित्रानं त्यांना धरलं, आणि त्या चढल्या. डावीकडे पाय सोडून, निऱ्या सारख्या करून नीट बसल्या.

"आता नाव काय ठेवायचं तुझं?" अंबादासराव म्हणाले.

"गाडी बघा पुढं. पाडाल बिडाल."

दुपारी दोघं परत आले. साडी पांढरीच होती. संध्याकाळी मी गावच्या गाडीसाठी निघालो, पिशवी खांद्याला होती. अंबादासराव समोरून आले आणि त्यांनी पेपर पुढे केला. नीट चार घड्या घातलेला.

"घ्या, कोरडा आहे."

"राहू द्या की तुमच्याकडे," मी म्हणालो.

"मला काय करायचाय आता?"