दगडाखालची ढील

सीमेवरच्या एका ब्रिगेडच्या सिग्नल कंपनीत माझी नेमणूक झाली, तेव्हा मी कॅप्टन होते आणि माझे वय सव्वीस होते. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचे, घर सावंगी मेघेचे. काम एका वाक्यात सांगता येते: ब्रिगेड मुख्यालय आणि पुढच्या चौक्या यांचे बोलणे बंद पडू द्यायचे नाही. त्यासाठी रेडिओ होते. रेडिओ निकामी झाले तर फील्ड टेलिफोनची तार होती. ही तार माणसे पाठीवर ड्रम घेऊन डोंगरावर अंथरतात. त्यांना लाइनमन म्हणतात. माझ्या सर्वांत चांगल्या लाइनमनविषयी मी हे लिहिते आहे. सिग्नलमन अंकुश झाडे, वय तेवीस, गाव वडनेर, तालुका हिंगणघाट.

पहिल्या हजेरीला मी प्रत्येकाला जिल्हा विचारला. अंकुशने "वर्धा" सांगितले आणि नजर समोरच ठेवली, पण त्याचे ओठ हसले होते. संध्याकाळी लाइन टेस्ट करताना तो फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमी आपल्या वर्धेच्या व्हय?"

"सावंगीची."

"मंग त्या मोठ्या दवाखान्याजवळच्या. पऱ्हाटी पाह्यली का कधी?"

"पाहिली आहे."

"बसमधून पाह्यली असन."

खरे होते. कापसाचे शेत मी बसच्या खिडकीतूनच अधिक पाहिले होते. मी त्याला लाइनवर शिस्तीने बोलण्याची सूचना दिली. त्याने "हो मॅडम" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी आईने पाठवलेली जवसाची चटणी माझ्या बंकरमध्ये पोचवली.

दिनक्रम ठरलेला होता. रोज १७:०० वाजता अंकुश चारही लाइन्स तपासत असे. प्रत्येक लाइनच्या टोकाहून त्याचा तोच प्रश्न येई: "टेस्ट. आवाज येऊन राह्यला का?" पहिला आठवडा मी "आवाज स्पष्ट आहे" असे उत्तर दिले. नंतर नकळत "येऊन राह्यला" म्हणू लागले. एक्स्चेंजवर बसणारे हवालदार रामकिशन हरियाणाचे होते. ते म्हणत, "मैडम, दुश्मन सुन भी ले, तो क्या समझेगा?"

एकदा तपासणीसाठी मी दोन नंबरच्या लाइनवर त्याच्याबरोबर चालत गेले. वळणावर एका दगडाखाली तारेचे वेटोळे दाबून ठेवलेले दिसले. साधारण वीस मीटर तार होती.

"हे काय?"

"ढील व्हय, मॅडम."

"तार ताणली जाऊ नये म्हणून थोडी ढील ठेवायची असते. नियमात इतकी ढील नाही."

"नियमात हीर नाई, मॅडम."

हीर म्हणजे विहीर, एवढेच मला कळले. त्याने समजावून सांगितले. वडनेरला त्यांच्या शेतात विहीर होती. त्याचे वडील मोटारीच्या वायरचा मोठा गुंडाळा विहिरीच्या काठावर ठेवत. "उनाळ्यात पानी खाली जाते. मोटार खाली उतरवा लागते. तवा वायर पुरली नाई तं भुईमूग वाळते. म्हून आदीच ढील ठेवा लागते. इथंबी तसंच. गोळा पडला अन् तार उडाली, तं मी ड्रम आनाले मांगं जाऊ का?"

तर्क निर्दोष होता. मी त्याला विचारले, "ही ढील लाइन डायग्राममध्ये लिहिली आहेस का?"

"हिरीजवळची ढील कोन लिवते, मॅडम?"

मी हसले. मग लिहिण्याचा आदेश दिला, आणि त्याने त्या लाइनची ढील लिहिली. लाइन डायग्राम हा एक साधा कागद असतो. त्यावर तारेचा मार्ग, खुणा, अंतरे आणि खाली दोन नावे असतात: लाइन टाकणारा आणि तपासणारा. तपासणाऱ्याच्या जागी माझी सही असे. नियम असा, की तपासणाऱ्याने लाइनवर स्वतः चालून मगच सही करावी.

पुढे सीमेवरचे वातावरण तापले. सर्वांत वरच्या चौकीसाठी घाईने नवी लाइन टाकावी लागली. अंकुशने ती एका दिवसात टाकली. डायग्राम माझ्यापुढे आला तेव्हा मी तीन कामांत होते. अंतरे व्यवस्थित होती, अक्षर सुवाच्य होते. लाइनवर न चालता मी सही केली.

दोन दिवसांनी पहाटे ०५:५० वाजता तोफा सुरू झाल्या.

रेडिओवर पहिल्या पाच मिनिटांतच नुसती घरघर उरली. समोरून जॅमिंग होते. वरच्या चौकीत अकरा जण होते. ०६:०५ वाजता तिथून फोन आला: दोन जखमी, एकाच्या मांडीतून रक्त थांबत नाही. त्यांना खाली आणायचे, तर आमच्या तोफा केव्हा मारा करून समोरच्यांना दाबतील, ती वेळ चौकीला कळवणे आवश्यक होते. ती वेळ ठरत असतानाच, ०६:१२ वाजता, लाइन बंद पडली.

"लाइन डेड, मैडम," रामकिशन म्हणाले.

मी केबल टेस्टर जोडला. हे उपकरण तारेत एक स्पंद सोडते. तार जिथे तुटलेली असते तिथून तो परत येतो. विहिरीत हाक मारली, की प्रतिध्वनीला लागणाऱ्या वेळेवरून खोली काढता येते, तसेच हे. आकडा आला: ११४० मीटर. मी डायग्रामवर बोट ठेवले. ११४० मीटरवर नाल्यापलीकडच्या उघड्या उतारावर दगडी भिंतीचा पडका तुकडा होता.

लाइन पार्टी दोघांची असते. त्याच वेळी एक नंबरची लाइनही गेली होती आणि अंकुशचा जोडीदार तिकडे निघाला होता. अंकुश हेल्मेटचा पट्टा आवळत उभा होता.

"वरची लाइन. पडक्या भिंतीजवळ तुटली आहे."

"भिंतीपाशी. हो मॅडम."

"एकटा जाशील?"

"दोघं कुठून आनता आता?"

०६:१८ वाजता तो निघाला.

पुढच्या सदतीस मिनिटांत काय झाले, ते मी चौकीच्या टेलिफोन नोंदीवरून आणि नंतर त्या वाटेवर चालून जुळवले. ०६:३६ वाजता तो भिंतीपाशी पोचला. तार तिथे शाबूत होती. त्याने टेस्ट फोन लावला. चौकीचा आवाज आला, आमचा आला नाही. म्हणजे तुटलेली जागा मागे राहिली होती. तो चौकीला म्हणाला, "पीछे देखता हूँ." मग उघड्या उतारावरून, तार मुठीतून सरकवत, पालथा पडून तो मागे येऊ लागला. चाळीस मीटरला त्याला अकरा मिनिटे लागली, कारण गोळे त्याच उतारावर पडत होते. ०६:४७ वाजता त्याला तुटलेली जागा सापडली. जवळजवळ बारा मीटर तार नाहीशी झाली होती.

ती भरून काढायला त्याने नाल्यातल्या एका दगडाखालून स्वतःच ठेवलेली ढील ओढली. ती चाळीस मीटर होती. डायग्रामवर ती नव्हती.

०६:५५ वाजता एक्स्चेंजवर आवाज आला.

"टेस्ट. आवाज येऊन राह्यला का?"

"येऊन राह्यला," मी म्हणाले.

"मॅडम, भिंतीपाशी काईच नव्हतं. नाल्यात मी चाळीस मीटर ढील ठेवलती, लिवाची राहून गेली. माफी द्या."

"ते नंतर. लगेच परत ये."

"येतो."

लाइन चौकीला जोडली. वेळ दिली: ०७:१०. त्या वेळी आमच्या तोफा सुरू झाल्या आणि चौकीतल्यांनी दोन्ही जखमींना खाली आणले. दोघेही आज हयात आहेत.

०७:०२ वाजता अंकुश नाल्यातच मारला गेला. एकच गोळा. त्याला आणायला गेलेल्यांत मी होते. जोड दिलेल्या तारेवर टेप नीट गुंडाळलेली होती. वापरून उरलेली ढील त्याने पुन्हा वेटोळे करून दगडाखाली दाबून ठेवली होती. परत येण्याचा आदेश मिळाल्यावरही त्याने ते काम आधी पूर्ण केले होते.

ती लाइन युद्धविरामापर्यंत एकदाही बंद पडली नाही.

माझे प्रशिक्षण मोजण्याचे आहे, म्हणून मी मोजले. तारेत चाळीस मीटर जादा होते, याचा अर्थ तुटलेली जागा डायग्रामवरच्या भिंतीच्या चाळीस मीटर अलीकडे होती. मी अंकुशला "भिंत" सांगितली. "११४०" सांगितले असते, तर त्याने जागच्या जागी चाळीस वजा केले असते, कारण ती ढील त्याच्या डोक्यात होती. तो ०६:३४ला थेट योग्य जागी पोचला असता. तेरा मिनिटे वाचली असती. तेरा मिनिटे वाचली असती, तर ०७:०२ला तो बंकरमध्ये असता. मी त्याला माझे अनुमान दिले, मोजमाप दिले नाही. आणि ज्या कागदावरून अनुमान काढले, त्यावर न चालता केलेली माझी सही होती.

चौकशीत मी हे लेखी दिले. वरिष्ठांनी ते वाचले, लाइन तपासणीचे आदेश कडक केले आणि मला सांगितले की युद्धात असे घडते. तो निर्णय त्यांच्या अधिकारातला होता. पण हे ज्यांना सांगायचे ते वडनेरला होते. त्यांनी मला दारातून परत पाठवले, तर ते मला मान्य करावे लागणार होते.

अंत्यसंस्काराला मी नव्हते, ड्यूटीवर होते. सत्तावीस दिवसांनी रजा मिळाली. वर्ध्याहून हिंगणघाट आणि तिथून वडनेर. सकाळी दहा वाजता मी त्यांच्या ओसरीवर बसले. अंकुशच्या आई, मंदाबाई, समोर बसल्या. वडील खांबाला टेकून उभे राहिले.

मंदाबाईंनी पाणी दिले आणि सरळ विचारले, "त्याले तिकडं कोनं पाठोलं?"

"मी पाठवलं."

मग मी सगळे सांगितले. आकडा, भिंत, सही, तेरा मिनिटे. आवाज स्थिर ठेवला. ढिलीचा उल्लेख येताच वडील खांबापासून हलले आणि खाली बसले.

मंदाबाई उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. उठावे की बसावे, हे मला ठरवता येईना.

वडील म्हणाले, "ढील मीनंच शिकोली त्याले."

"त्या ढिलीमुळेच तार जोडली गेली, काका. त्याच्याजवळ तेवढी तार नव्हती."

"अन् तिच्यामुळंच जागा चुकलीबी."

"ती लिहिलेली नव्हती म्हणून चुकली. ती पाहण्याचं काम माझं होतं."

त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते आजही मला माहीत नाही.

मंदाबाई बाहेर आल्या त्या ताट घेऊन. भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. ताट त्यांनी माझ्यापुढे जरा जोरातच ठेवले.

"राग आला मले," त्या म्हणाल्या. "अजूनबी हाये. जाईन तवा जाईन."

"हो."

"लहानपनापासून असाच. शाळेतून सहलीले गेलता तं घरी सांगतलंच नाई. संध्याकाळी मास्तरचा पोरगा सांगाले आला. काम पक्कं करन, पन सांगन नाई. अन् तुमी एवढ्या शिकल्या अन् विचारलं नाई. दोघंबी सारखेच." त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. "वरचे ते जखमी पोट्टे घरी गेले का?"

"गेले. एकाचा मला फोन येतो."

"त्याले सांगजो, एकदा वडनेरले येजो म्हनावं." मग ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "जेव आता. सैन्यात काई खाऊ घालत नाई का वं? तो तं म्हने, आमच्या मॅडम चटनी मांगून खाते."

मी कधीच मागितली नव्हती. तो स्वतः आणून ठेवत असे. मी तसे सांगितले नाही. चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

सेवेची मुदत संपल्यावर मी सैन्य सोडले. सध्या जमिनीखालच्या केबलमधले दोष शोधण्यावर पीएच.डी. करते आहे. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना एकच नियम आहे: आधी आकडा सांगायचा, मग त्याचा अर्थ. नियम कुठून आला, ते कोणी विचारले तर अंकुशचे नाव सांगते.

वडनेरला दर उन्हाळ्यात जाते. मागच्या वर्षी चौकीतला तो जवानही आला होता. मांडीवरच्या जखमेमुळे त्याला खाली बसता येत नाही, म्हणून मंदाबाईंनी शेजारून खुर्ची आणली आणि त्याला दोन वेळा वाढले.

यंदा पाणी फार खाली गेले. विहिरीवर मोटार उतरवायची होती. काठावरचा गुंडाळा अंकुशने शेवटच्या रजेत ठेवलेला होता. काकांनी दोर सोडला, मी वायर सोडत गेले. शेवटचे वेटोळे उलगडले आणि मोटार पाण्यात बसली. वायर बरोबर पुरली, पण काठावर काहीच उरले नाही. काकांनी नवी वायर आणून ठेवली होती. स्विच बंद करून जोड मी दिला. अंकुश देत असे तसाच, ओढला की आवळणाऱ्या गाठीचा, वर टेपचे तीन पदर. नवी ढील वेटोळे करून दगडाखाली ठेवली. मग स्विचच्या पेटीपासून विहिरीपर्यंत आणि परत, वायरीच्या बाजूने चालत आले.

स्विचच्या पेटीच्या दाराला आतून खडूने लिहिले: ढील, बारा मीटर. लाइन टाकणारा: सिग्नलमन अंकुश झाडे. खाली तपासणाऱ्याच्या जागी माझी सही केली.

मंदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी अक्षर लावत ते वाचले.

"लिवलं, बरं केलं," त्या म्हणाल्या. "त्यानं नसतं लिवलं."