स्टेअरिंगवरचे हात

दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. इतकी वर्षं वह्या तपासून डोळ्यांना ती खोडच लागली आहे, आणि तिचा मला बऱ्यापैकी गर्वही होता.

आई गेल्यापासून वडील, म्हणजे आमचे आबा, माझ्याकडे देवपूरला राहतात. राहतात म्हणजे जेवायला आणि झोपायला येतात. शेत सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून दोन किलोमीटर आत. सकाळचा चहा झाला की गाडी काढायची आणि दिवसभर कापसात रमायचं, हा त्यांचा नेम. गाडी त्यांचीच, जुनी पांढरी. गावातल्या गावात मी ती चालवते, हायवेला मात्र कधी नेली नव्हती. माझी अट एकच: चिखलाने भरलेली गाडी आमच्या गेटच्या आत आणायची नाही. म्हणून आबा रोज संध्याकाळी विहिरीच्या मोटरीवर पाइप लावून ती चकचकीत धुऊन आणत.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याबरोबर शेतात निघाले. गावाच्या टोकाची नगावबारी मागे पडली, गाडीने वेग घेतला आणि माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. दोन्ही हात स्टेअरिंगवर आणि दोन्ही थरथरत होते. त्यांनी मुठी आवळल्या, तरी थरथर थांबेना. सोनगीरजवळ हायवे सोडून गाडी आतल्या रस्त्याला लागली, वेग उतरला, तसे हातही शांत झाले. मला वाटलं, मोठ्या रस्त्याचा ताण येतोय. चौऱ्याहत्तर वय म्हणजे काही कमी नाही.

"आबा, हायवेला तुमचे हात थरथरत होते," मी म्हणाले.

त्यांनी हातांकडे पाहिलं. "गाडी थरथरस का काय," ते म्हणाले.

"गाडी कशी थरथरेल? मी चालवते तेव्हा तर काही होत नाही."

संध्याकाळी किल्ली माझ्या पर्समध्ये गेली. तुमच्या काळजीपोटीच करतेय, असं मी त्यांना दोनदा ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून ते एसटीने जाऊ लागले आणि हायवेपासून शेतापर्यंत पायी. हळूहळू घरात त्यांचं बोलणं कमी झालं. जेवताना उजवा हात ताटात आणि डावा मांडीखाली. थरथर लपवताहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

असे तीन आठवडे गेले. एका शनिवारी दुरुस्त केलेला फवारणीचा पंप शेतात पोचवायचा होता. आबा सकाळीच एसटीने पुढे गेले होते, म्हणून पंप डिकीत टाकून मीच गाडी घेऊन निघाले. हायवेला काटा सत्तरच्या पुढे सरकला आणि स्टेअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. आधी मी माझ्या हातांकडे पाहिलं. मग वेग पन्नासवर आणला, सगळं शांत. पुन्हा सत्तर, पुन्हा तेच.

सोनगीरला हायवेलगत एका मिस्त्रीचं छोटं गॅरेज आहे. तिथे गाडी लावली आणि काय होतं ते सांगितलं.

"ब्रेक मारा तं वाढस का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने जॅक लावून पुढची चाकं उचलली. एकेक चाक दोन्ही हातांनी आधी आडवं हलवून पाहिलं, मग उभं. कुठे ढिलाई नव्हती. "रॉड, बेरिंग, बठ्ठं बराबर शे, ताई," तो म्हणाला. मग टायरच्या खाचेत बोट फिरवून बोटाला लागलेली काळी भुकटी बघत त्याने विचारलं, "गाडी वावरमा जास का?"

"रोज जायची."

त्याने डावं चाक खोलून जमिनीवर उलटं ठेवलं. बाहेरून ते आरशासारखं स्वच्छ होतं. आत, रिंगच्या एकाच बाजूला, तळहाताएवढा काळ्या मातीचा थर वाळून दगड झाला होता. उजव्या चाकाची तीच गत.

"धुतलेली गाडी आहे हो," मी उगाच म्हणाले.

"धोयी म्हनीसनच तं," तो हसला. बाहेरचा चिखल पाण्याने निघून जातो, पण आतला भिजून ओघळतो. गाडी उभी राहिली की तो रिंगच्या खालच्या बाजूला उतरतो आणि रात्रभरात तिथेच घट्ट होतो. मग चाक एका अंगाला जड होतं. सावकाश चालवताना कळत नाही, वेगात मात्र सगळी थरथर स्टेअरिंगला येते. एवढं समजावून त्याने पेचकस लावला आणि ढेकळं पाडायला सुरुवात केली. मी बाजूला उभी राहून माझ्या गेटची अट आठवत होते.

चाकं बसवल्यावर हायवेला एक चक्कर मारली. ऐंशीलाही स्टेअरिंग ढिम्म. मला आनंद व्हायला हवा होता, पण नुसती लाज वाटत होती.

आबा विहिरीजवळ होते. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं आणि किल्ली पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही.

"पंधरा दिवस व्हयनात, मी डॉक्टरले हात दखाडी उनू," ते म्हणाले. एसटीतून उतरून एकटेच गेले होते, कोणाला न सांगता. "हातले काहीच नही शे म्हने."

"मग तेव्हाच किल्ली का नाही मागितली?"

"तू सोता देखेल व्हतं ना," आबा म्हणाले. "माले वाटनं, डॉक्टरच चुकना व्हई."