मनीलावाल्याबद्दल मी लिहिलेली पानं

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडचा कापूस एकाएकी विलायतेला हवासा झाला. त्या वर्षांत मी अमरावतीची मास्तरकी सोडून अकोल्याला आलो. कापसाच्या गाठी दाबायच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रं लिहायचं काम मिळालं होतं. बायको अमरावतीजवळच्या भातकुलीची. अकोल्याचं पाणी तिला कधी मानवलं नाही, पण ती आली.

कारखान्यात गाठींना दोर आवळायला एक परमुलखातला माणूस होता. बुटका, रुंद खांद्यांचा, चाळिशीच्या आसपासचा. जहाजावरचा खलाशी, मुंबईला आजारी पडला आणि जहाज त्याला सोडून गेलं. दोर बांधण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं पाहून कारखान्याच्या साहेबानं त्याला इकडे आणला. त्याचा मुलूख म्हणजे पूर्वेच्या समुद्रातली बेटं, स्पेनच्या राजाच्या अमलाखालची. सगळे त्याला मनीलावाला म्हणत. खलाशांची हिंदुस्थानी त्याला येत होतीच. रुई निवडणाऱ्या बायांच्या संगतीनं तिच्यात वऱ्हाडी मिसळली होती.

साहेबाच्या कपाटात जुन्या समुद्रसफरींचं एक जाड पुस्तक होतं. एकदा चाळताना त्यात त्या बेटांची हकिकत दिसली. एक नाही, तीन. तीनशे वर्षांपूर्वी गोऱ्यांचं राज्य तिथे बसलं त्या सुमारास गेलेल्या तीन माणसांनी लिहिलेल्या. मी मनीलावाल्याला सांगितलं.

त्यानं हात धोतराला पुसले. “वाचा मास्तर. मले आयकू द्या.”

मग रविवारी तो माझ्या ओसरीवर येऊन बसायचा आणि मी वाचून हिंदुस्थानीत सांगायचो. पहिला लिहिणारा जहाजावरून आलेला, थोडेच दिवस राहिलेला. त्यानं तिथला राजा पाहिला होता. राजाच्या दातांत सोनं होतं, पाहुण्यासोबत तो एका ताटात जेवला, आणि दोघांनी रक्ताचा थेंब देऊन भाऊपण केलं. माणसं साधी आणि प्रेमळ, असं त्याचं म्हणणं. दुसरा सरकारी अंमलदार. त्याला सगळीकडे गुलाम दिसले. पुरे गुलाम, अर्धे गुलाम, नात्यातल्या माणसानंच गुलाम केलेले. तिसरा पाद्री, वर्षानुवर्षं तिथे राहिलेला. तो लिहितो, तिथे बाया-पुरुष सगळ्यांना लिहिता-वाचता येतं, बांबूवर आणि पानांवर सुरीच्या टोकानं लिहितात.

इथे मनीलावाल्यानं मला थांबवलं.

“बाया पण?”

“बाया पण.”

“मंग मले कावून येत नाही?”

त्यानं विचारलं, ती अक्षरं कशी होती. मी पानं उलटून पाहिली. अक्षर एकही छापलेलं नव्हतं. त्याला सही करता येत नव्हती, अंगठा उठवायचा. तो बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत बसला.

पुढच्या रविवारी मी उत्साहात होतो. मी त्याला समजावून सांगितलं की हे तिघं एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतो प्रेमळ, दुसरा म्हणतो निर्दय. तिघांनीही आपल्याला हवं तेवढंच पाहिलं. त्यानं विचारलं, “खरं कोन सांगून राहिला?” मी म्हणालो, ते तुम्हीच सांगायचं.

“मले काय मालूम? माह्या आज्याच्या आज्याचं हाय ते. आमच्या घरात कोनी सांगतलं नाही. आमचा पाद्री सांगे, पयले तुमी जंगली होते. आमी मानलं.”

मग मीच म्हणालो की चौथी हकिकत आपण लिहू. तुमच्या तोंडून, तुमच्या मुलखाची. तो हसला. त्याला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

दोन महिने मी लिहीत होतो. लग्न कसं लागतं, मेलेल्याला कसं पुरतात, भात कसा कुटतात, कोंबडे कसे झुंजवतात, भुताला काय म्हणतात. मी विचारायचो, तो सांगायचा. कधी तो भलतंच काही सांगू लागायचा, एका बहिणीचं, एका वादळाचं. मी त्याला पुन्हा मुद्द्यावर आणायचो. चौदा पानं झाली. इंग्रजी चांगलं उतरलं होतं. मला अभिमान वाटला.

एका रविवारी ती पानं मी त्याला हिंदुस्थानीत उतरवून वाचून दाखवली. तो खाली मान घालून ऐकत होता. मी थांबलो.

“झालं?”

“झालं.”

“हा मानूस कोन हाय, मास्तर?”

“म्हणजे? तुम्हीच.”

“नाही,” तो म्हणाला. “हे त्या तिघांवानीच हाय.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. बायकोनं दिलेलं पाणी पिऊन तो गेला. त्यानंतर कारखान्यात भेटला की मान हलवायचा, पण ओसरीवर आला नाही. मीही बोलवायला गेलो नाही. माझी मेहनत त्यानं मातीत घातली, असं मला वाटत होतं.

पुढे लढाई संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. कारखाना दिवसाआड चालू लागला. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. बायकोला घेऊन मी भातकुलीला गेलो. तीन आठवड्यांनी परतलो तेव्हा मनीलावाल्याला पुरून आठ दिवस झाले होते. गोऱ्यांच्या कबरस्तानात त्याला जागा मिळाली नाही. नदीच्या अंगाला रुई निवडणाऱ्या बायांनीच कुठेतरी खड्डा खणवला होता. मी जागा पाहायला गेलो तर त्या बायांतही एकमत होईना.

साहेबानं मला बोलावून सांगितलं, “तुझी त्याची ओळख होती. त्याच्या घरी पत्र लिही.”

मी घरी येऊन चौदा पानं काढली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, दोनदा वाचली. बायको दारात उभी होती.

“गावाचं नाव काय व्हतं त्याच्या?”

मी पुन्हा पानं उलटली.

“त्या बहिनीचं?”

पानांत कुठेच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मनीलाच्या कुणा पाद्र्याच्या नावे मोघम चार ओळी लिहून टाकल्या. उत्तर आलं नाही, आणि यायचं काही कारणही नव्हतं.

वर्षभरानं एक गोरा अंमलदार अकोल्याला आला. निरनिराळ्या जातीजमातींच्या चालीरीती टिपून घ्यायचा त्याला छंद होता. साहेबाकडून त्याला माझ्या पानांचं कळलं. त्यानं ती उभ्या उभ्या वाचली आणि माहिती फार उपयोगाची आहे, मी नेतो, म्हणाला. मला शरम वाटली, तरी मी नाही म्हणालो नाही. त्यानं पानं घडी करून खिशात घातली.