पसंतीची खोली

मखमलाबादच्या वाल्मीकआप्पांना काही विकायचं म्हणजे विकणाऱ्याच्या नाकी नऊ येत. माणूस कंजूष नव्हता. पण वस्तू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, हाताने चाचपल्याशिवाय आणि जमलं तर नाकाजवळ नेल्याशिवाय त्यांच्या तोंडून 'हो' निघत नसे. बैल घ्यायचा तर तीन बाजार. शेवंतीची रोपं घ्यायची तर रोपवाटिकेतल्या माणसाने हात जोडून "आप्पा, आता घ्या, नाहीतर मला घरी तरी जाऊ द्या" म्हणेपर्यंत. लग्नासाठी त्यांनी अकरा मुली पाहिल्या होत्या. बाराव्या सिंधुबाई, आणि त्याही पहिल्या झटक्यात पसंत पडल्या नाहीत. काहीतरी निमित्त काढून आप्पा पुन्हा एकदा ओझरला जाऊन पाहून आले आणि मग हो म्हणाले. "बैलापेक्षा एक चक्कर कमीच मारली यांनी माझ्यासाठी," असं सिंधुबाई पाहुण्यांना सांगत, आणि आप्पा टोपी सारखी करत हसत.

घरची दोन एकर जमीन. झेंडू, शेवंती, कडेला थोडा गुलाब. फुलांच्या धंद्यात सुट्टी नावाचा प्रकार नाही. आज उमललेलं आजच तोडावं लागतं आणि उजाडायच्या आत पंचवटीतल्या फुलबाजारात पोचवावं लागतं. सव्वीस वर्षं सिंधुबाई पहाटे चारला उठल्या. बाळंतपणाचे दिवस सोडले तर त्यात खंड पडला नाही, आणि बाळंतपण तरी एकच झालं. मुलगी झाली, शुभांगी. ती शिकली, आणि शरणपूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत नोकरीला लागली.

एकदा फुलं विकून झाल्यावर सिंधुबाई लेकीचं ऑफिस बघायला गेल्या. तिथे भिंतीवर कॅलेंडर होतं. निळा समुद्र, नारळाची सावली, सावलीत लांब लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर डोळे मिटून पडलेली एक बाई. सिंधुबाई त्या चित्रासमोर उभ्याच राहिल्या.

"कशी पडली हाय बघ," त्या म्हणाल्या. "हिला कोणी ऊठ म्हणत नसंल."

घरी आल्यावर शुभांगीने हे हसत हसत बापाला सांगितलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी ते मनात ठेवलं.

मग सिंहस्थाचं वर्ष आलं, दोन हजार तीन. फुलांना असा उठाव आला की आप्पांना मान वर करायला फुरसत नव्हती. आणि त्याच उन्हाळ्यात सिंधुबाईंच्या पोटात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, सुया झाल्या, केस गेले. पथ्य तर असं की बघणाऱ्याला रडू यावं. तिखट नाही, तेल नाही, बाजरीची भाकरी नाही. पोळ्याच्या सुमारास आप्पा त्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. शुभांगीला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. डॉक्टर तरुण होते, भले होते, आणि वाईट बातमी सांगताना आवाज खाली आणणारे होते. सिंधुबाईंना बाहेर बसवून ते आप्पांना म्हणाले, "गोळ्या आता बंद करू. पथ्यही नको, आवडेल ते खाऊ द्या. आता त्यांना फक्त आराम. समुद्र वगैरे बघायचा राहिला असेल, तर लवकर नेऊन आणा."

तुम्ही-आम्ही हे ऐकलं असतं तर काय ते तिथेच समजलो असतो. पण आप्पांच्या घरात 'आराम' शब्दाचा अर्थच वेगळा. ताप उतरला की आराम पडला. गाईने पुन्हा वैरणीला तोंड लावलं की आराम पडला. पथ्य सुटणं, गोळ्या सुटणं, ही तर दुखणं हटल्याची उघड खूण. बिचाऱ्या डॉक्टरांनी जे जे दुःखाने सांगितलं, ते ते आप्पांनी आनंदाने ऐकलं. एक 'लवकर' तेवढा राहिला, आणि तो त्यांच्या कानावरून सरकून गेला.

बाहेर येऊन ते म्हणाले, "गोळ्या बंद. आराम हाय म्हणले. आता समुद्राला जायचं."

सिंधुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "बरं झालं."

घरी आल्यावर शुभांगीने दोन-तीनदा खोदून विचारलं. पण बापाचा चेहरा इतका उजळलेला होता की तिलाही तेच खरं वाटावंसं वाटलं. डॉक्टरांना फोन करायचं ती रोज उद्यावर ढकलत राहिली. याबद्दल तिला दोष द्यायचा तर देता येईल, पण माझ्याने तो देववत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातून रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा आणला, आणि आप्पांचं काम सुरू झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फुलं तोडायला मजूर लावले आणि स्वतः ओट्यावर, सिंधुबाईंच्या खाटेला लागून, पत्रकं मांडून बसले. केरळ, गोवा, तारकर्ली, अंदमान. सगळीकडे समुद्र निळाच, सगळीकडे गादी पांढरीच. आप्पा चष्मा लावून एकेक फोटो रोपासारखा तपासत.

"ही जास्वंद बघ. पानं पिवळी पडली हाय. झाडाला पाणी घालत नाय, ते माणसाला काय घालतील?" एक रिसॉर्ट बाद.

दुसऱ्या फोटोत समुद्राला लागूनच पोहण्याचा तलाव होता. "दारात एवढा समुद्र, आन् हे हौद बांधून बसले," म्हणून तेही बाद. एका ठिकाणी पाहुण्यांच्या गळ्यात घातलेला हार आप्पांना प्लॅस्टिकचा वाटला. तो कागद तर त्यांनी चुरगाळूनच टाकला.

"जेवण सगळं धरून आहे, आप्पा," शुभांगी सांगे.

"सगळं म्हंजे काय काय? भाकरी धरून का भाकरी सोडून?"

मग शुभांगीने रिसॉर्टला फोन करून भाकरीचं विचारायचं, पलीकडच्या माणसाने दोनदा 'सॉरी?' म्हणायचं, आणि इकडे खाटेवर सिंधुबाईंनी पोट धरून हसायचं. हसताना दुखायचं, तरी हसायच्या. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, पण दिवसाउजेडी नवरा असा शेजारी बसून राहिला, हे त्यांना नवीनच होतं. आप्पा फोटो दाखवत, त्या मान हलवत. "हे बरं वाटतं," असं एखाद्या फोटोला त्या म्हणाल्या की आप्पा लगेच त्यात खोट काढत, आणि निवड आणखी एक दिवस पुढे जाई.

असा महिना गेला. दसरा आला. सिंधुबाई आता भाकरीचा तुकडाही पुरता खात नव्हत्या, पण आप्पा म्हणत, एवढ्या पथ्यानंतर भूक यायला वेळ लागायचाच. शेवटी तीन जागा उरल्या, तिन्ही गोव्याच्या. त्यांतली कुठली, हे काही ठरेना.

"मी जाऊन बघून येतो," आप्पा म्हणाले.

शुभांगीने कपाळाला हात लावला. "आप्पा, रिसॉर्ट कोणी आधी जाऊन बघतं का? फोटो आहेत ना!"

"फोटोवर तुझ्या आईलाबी पसंत केलं नव्हतं म्या."

तेव्हा खाटेवरून सिंधुबाई बोलल्या. आवाज बारीक झाला होता. "नका जाऊ. कोणतंबी चालंल. चार दिवस इथंच बसा ना माझ्यापाशी."

आप्पांना वाटलं, बायको नेहमीसारखी त्यांची दगदग वाचवते आहे. "न बघता तुला कुठं नेऊन टाकू? चार दिवसांचा तर प्रश्न हाय. हा गेलो, हा आलो." सोमवारी ते एसटीत बसले.

गोव्यातल्या त्या पॉश रिसॉर्टांनी असं गिऱ्हाईक कधी पाहिलं नसेल. पांढरी टोपी, लेंगा, काखेत पिशवी. आप्पांनी खोल्या उघडायला लावल्या. गादीवर हात दाबून पाहिला, मग परवानगी न घेता आडवे झाले. उशीचा वास घेतला. पलंगापासून संडासापर्यंत पावलं मोजली, मधे उंबरा आहे का ते वाकून पाहिलं. गरम पाणी किती वेळात येतं, त्याची वाट बघत नळाखाली हात धरून उभे राहिले. स्वयंपाकघरात जाऊन वरण चाखायला मागितलं. पहिल्या ठिकाणी त्यांना जवळजवळ हाकललं. दुसऱ्या ठिकाणी खोल्या वरच्या मजल्यावर. आप्पा जिन्याखालूनच परत फिरले.

समुद्र मात्र त्यांनी पाहिला नाही. म्हणजे तो होता, डोळ्यांच्या कडेला सारखा चमकत होता, गाजत होता. पण तो दोघांनी मिळून बघायचा असं आप्पांनी ठरवलं होतं. म्हणून त्या आवारांतून फिरताना ते शक्य तितकी त्याच्याकडे पाठ करून चालत.

तिसरी जागा त्यांना गुरुवारी दुपारी पसंत पडली. खोली तळमजल्यावर, दाराला उंबरा नाही, पूर्वेला खिडकी, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन पलंगापर्यंत येणार. बाहेर बकुळीचं झाड. आवारातली म्हातारी मोलकरीण म्हणाली, भाकरी मी करून देईन. आप्पांनी तिथल्या तिथे खोली नक्की केली आणि काउंटरवरून घरी फोन लावला.

"मिळाली!" ते ओरडलेच. "शुभे, आईला सांग, खोली अशी हाय, की..."

"आप्पा, तुम्ही या."

"अगं आधी ऐक तर, बकुळीचं झाड..."

"आप्पा, आधी या. आत्ता निघा."

झालं असं होतं की बुधवारी सिंधुबाईंना ग्लानी आली आणि शुभांगीने डॉक्टरांना घरी बोलावलं. 'मी तुमच्या वडिलांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं,' असं ते म्हणाले, तेव्हा तिला सगळं कळलं. आईच्या उशाशी बसून ती रडायला लागली, तर सिंधुबाईंनीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मला ठावं होतं गं. गोळ्या बंद केल्या तवाच समजलं. पण ते लय हरकले होते. कसं सांगू?"

आप्पा शुक्रवारी दुपारी पोचले. ओट्यावरची खाट आता आत घेतली होती. सिंधुबाईंचे डोळे मिटलेले, श्वास तेवढा चालू. आप्पा जवळ बसले आणि पिशवीतून खोलीचा कागद काढून सांगायला लागले. गादी कशी, नळ कसा, खिडकी कुठल्या अंगाला. भाकरीचंही सांगितलं. बकुळीचं सांगताना ते हातवारे करत होते. शुभांगीने जेवढं सहन झालं तेवढं ऐकलं, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आप्पा, तिला कालपासून काही ऐकू जात नाही."

आप्पांनी कागद दुमडला. तो पुन्हा उघडला. "आन् त्याच्या आधी? काय म्हणत होती?"

"तुम्ही कधी येणार, एवढंच. सोमवारपासून तेवढंच विचारत होती. एसटी गेली का म्हणाली, मग एसटी आली का म्हणाली." मग आई काय म्हणाली होती, तेही शुभांगीने सांगितलं. गोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचंही. सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण तोंडून निघून गेलं. आप्पा खाटेच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. शनिवारी सकाळी सिंधुबाई गेल्या.

दशक्रिया पंचवटीत, गोदावरीच्या काठी झाली. आमच्याकडे दहाव्याला माईक लागतो आणि भाषणं होतात. पंचक्रोशीतले पुढारी ओळीने उभे राहून गेलेल्या माणसाचे गुण गातात, त्याला त्यांनी कधी पाहिलं असो वा नसो. त्या दिवशी माईकवर पहिले आलेले पुढारी तर बोलण्यात पटाईत. सिंधुबाईंची माहिती त्यांना फारशी नव्हती, पण गोव्याची गोष्ट गावभर झाली होती. तीच त्यांनी धरली.

"बंधूंनो, असा नवरा शोधून सापडणार नाही! पत्नीला आराम मिळावा म्हणून हा साधा शेतकरी गोव्यापर्यंत गेला. एकेक खोली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली! आजच्या पिढीने शिकावं..."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुरुषांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत बसलेले आप्पा उठले, पुढे गेले आणि त्यांनी माईक धरला. दोन शब्द बोलतील म्हणून सगळ्यांनी कान दिले.

"ती नका जाऊ म्हणली होती," आप्पा म्हणाले. "चार दिवस बसा म्हणली. तिचे चारच राहिले होते. ते म्या खोल्या बघण्यात घालवले."

पुढाऱ्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला, हळूच त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात प्रेम." मग त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.